लाल आठशे आणि मोरीचं तेल

माझा चुलतभाऊ सुदेश दर मे महिन्यात डोंबिवलीहून गावी येतो आणि जाताना काहीतरी घेऊन जातो. आंबे, कोकमं, सुकी सुंगटं, एकदा तर आमचा मिक्सर. दोन हजार आठ साली तो पहिल्यांदाच काहीतरी ठेवून गेला. मारुती आठशे. लाल.

ही गाडी त्याने ठाण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडून घेतली होती. नव्व्याण्णव सालची, कार्ब्युरेटरवाली, फक्त अकरा हजार किलोमीटर चाललेली. बाई शाळेत आणि बँकेत एवढ्याच जायच्या, त्यामुळे चौथा गिअर जवळजवळ कोरा होता. मागच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं. ते प्लॅस्टिक दाखवताना सुदेशने डोळे पुसले. मी त्याच्या मुलाच्या बारशालाही हजर होतो, तेव्हा असं काही झालं नव्हतं.

आमचं घर मालवणजवळच्या तळाशीलला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे आम्ही, रस्ता आणि माड. खाडीपलीकडे मसुरे. इथल्या हवेत इतकं मीठ असतं की गणपतीत भिंतीला ठोकलेल्या खिळ्याचा शिमग्यापर्यंत नुसता डाग उरतो. अशा ठिकाणी गाडी जपून ठेवायला आणणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा त्याला पार्किंग नसतं. सुदेशला पार्किंग नव्हतं. वेडाबद्दल मी तेव्हा मत राखून ठेवलं होतं.

संध्याकाळी आमच्या मांगरासमोर तो सगळ्यांना समजावून सांगायला बसला. मांगर म्हणजे किनाऱ्याला लागून असलेली माडाच्या झापांची शेड; पावसाळ्यात बाबांची होडी तिथे असते. किनाऱ्यावरून रापण ओढणारे पाचसहा जण जाळं विणत बसले होते, त्यांना पळून जायला जागा नव्हती. सुदेश म्हणाला, आजच्या गाड्यांपैकी उद्या कुठल्या गाड्यांना मोल येणार हे ओळखणं ही एक विद्या आहे. कॉन्टेसा बंद पडली, तिच्यावर आत्ताच लोक टपून बसलेत, म्हणजे तिथे गर्दी झाली. महागड्या परदेशी गाड्या श्रीमंत लोक आपोआपच जपतात, म्हणजे त्या कधी दुर्मीळ होणार नाहीत. खरी गाडी ती, जी सगळ्यांकडे होती म्हणून कुणीच ठेवली नाही. आठशे आता लोक भंगारात काढतायत. अजून पंचवीस वर्षांनी एक दिवस सगळ्या देशाला एकदम आठवण येईल की आपण पहिल्यांदा गाडीत बसलो ते आठशेत. तेव्हा शोधायला जातील आणि एकही मिळणार नाही. अट एकच. गाडी जशीच्या तशी हवी. एक स्क्रू बदललेला चालणार नाही.

रापणीचा म्होरक्या धोंडू म्हणाला की असंच असेल तर त्याची मासळीची टमटमही ठेवायला हरकत नाही, कारण पंचवीस वर्षांनी तिचं काहीच शिल्लक राहणार नाही याची तो आजच खात्री देतो. माझी आई म्हणाली, यष्टी ठेवा, ती आत्ताच दुर्मीळ आसा. बाबांनी विचारलं, गाडी चालवायची नाही, विकायची नाही, नुसती ठेवायची, म्हणजे आंबो आढीत घालतत तशी काय? सुदेश म्हणाला, बरोबर तशी. बाबांनी गाडीकडे आदराने पाहिलं. पिकायला पंचवीस वर्षं लागणारं फळ त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग सुदेश मुद्द्यावर आला. मांगराची जागा आणि तिथून पाण्यापर्यंत उतरणारी वाळू आजोबांच्या वाटणीत थोरल्या काकांकडे गेली होती, आणि काका वारल्यावर सुदेशकडे. बाबा तिथे चाळीस वर्षं होडी ओढत होते ते वाटणीकडे न बघता. आता मालवणचा एक हॉटेलवाला त्या जागेच्या मागे होता. ती गेली तर बाबांना होडी ओढायला जागाच उरत नव्हती. दोन्ही बाजूंना आधीच कुंपणं पडली होती. सुदेश वाईट माणूस नाही, त्याला फक्त पर्याय सुचतात. तो म्हणाला, काका, एवढा पावसाळा गाडी सांभाळा. नारळी पुनवेला मी कोल्हापूरहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार घेऊन येतो. त्यांनी गाडी ठेवण्यालायक म्हटली तर जागेचं हक्कसोडपत्र तुमच्या नावाने करून देतो. नाही म्हटलं तर मात्र मला हॉटेलवाल्याशी बोलावं लागेल.

बाबांनी एकच विचारलं. "कशी सांभाळूची?"

"काका, तुमच्या होडीसारखी सांभाळा. बस."

असं म्हणून त्याने बाबांच्या पायाला हात लावला. मी तिथेच होतो. मी मानसुद्धा डोलावली. हे आधीच कबूल केलेलं बरं.

जूनमध्ये मी म्हापशाच्या एका हॉटेलात रिसेप्शनला गेलो. एरवी मी पर्यटकांना किल्ल्याजवळ पाण्याखालचे मासे दाखवतो, पण पावसाळ्यात मासेच आम्हाला बघतात. दर रविवारी घरी फोन करायचो आणि गाडी कशी आहे विचारायचो. आई म्हणायची, "बरी आसा. पालथी निजली आसा." मला वाटलं ही तिची बोलण्याची पद्धत. समुद्र शांत असला की ती त्यालाही निजलो म्हणते. मी फोन ठेवून द्यायचो.

नारळी पुनवेच्या सकाळी मी मालवण स्टँडवर उतरलो, तिथे सुदेश जाणकारांच्या जीपमधून मला घ्यायला थांबला होता. जाणकारांचं नाव इनामदार. साठीचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशात भिंग. स्वतःच्या अकरा जुन्या गाड्या. फार बोलत नसत. वाटेत सुदेशने मला हळूच सांगितलं की हे गाडीला हात लावण्याआधी तिचा वास घेतात. दमट वास, उंदराचा वास, बंद पडल्याचा वास, सगळे वेगळे ओळखतात. गेल्या वर्षी साताऱ्यात त्यांनी एक कॉन्टेसा नुसती हुंगून नाकारली होती.

मांगराकडे वळलो तेव्हा पहिल्यांदा मला होडी दिसली. ती बाहेर होती. उताणी, उघड्यावर, आत गुडघाभर पाणी आणि त्यात बेडूक. बाबांची होडी पावसाळ्यात बाहेर मी जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात सुदेश मांगरात शिरला आणि तिथेच थांबला, म्हणून मी त्याच्या मागे जाऊन थांबलो, आणि इनामदार माझ्या मागे.

आधी चाकं दिसली. चाकं दिसण्यात नवल नाही, गाडीला ती असतातच. पण ती माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. चारही आभाळाकडे. त्यांच्या खाली गाडी होती, तिचं पोट वर होतं, तिचं छप्पर पेंढा भरलेल्या गोणींवर टेकलं होतं, आणि पोटावर नऊ मांजरं बसली होती. मांजरांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना आमचा धक्का बसला नाही.

वास मात्र सगळ्यांना बसला.

सुदेशने मान उजवीकडे कलती केली. मग आणखी कलती केली. मग तो कमरेत वाकला आणि दोन पायांमधून गाडीकडे पाहिलं. तशी ती सुलटी दिसत असणार, कारण तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी सरळ होऊन वाळूत बसला आणि अगदी शांत आवाजात, ऑफिसात बोलावं तसं म्हणाला, "काका, गाडी उलटी आहे."

बाबा पुढे आले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता.

"मगे? सुलटी ठेवली तर पाणी साचात मां."

मग त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. अभिमानाने, एकही गोष्ट न गाळता. होडीचं जे जे करतात ते ते त्यांनी केलं होतं. होडी पालथी घालण्याआधी आतलं सामान काढतात, म्हणून त्यांनी सीटा काढल्या आणि माळ्यावर ठेवल्या, प्लॅस्टिकसकट. बॅटरी काढून देवाच्या खोलीत ठेवली. वटपौर्णिमेला आईने तिला हळदकुंकू वाहिलं होतं. पेट्रोल, इंजिनाचं तेल आणि आणखी जे जे काही गळेल ते धोंडूच्या ओळखीच्या मेकॅनिककडून कॅनमध्ये काढून घेतलं. मग रापणीचे चौदा जण आले आणि 'होबेस' म्हणत गाडी पालथी घातली. धोंडू मधेच म्हणाला, होडयेपेक्षा हलकी आसा, आमका वाटला कायतरी भायरच रवला.

पालथी घातल्यावर होडीच्या फटी बुजवतात. म्हणून दारांच्या फटींत कापूस कोंबून वर राळ ओतली होती. चारही दारं आता भिंत झाली होती. आणि मग तेल. मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या काळजाचं तेल, घरी वितळवलेलं, चार वर्षांचं जुनं. आमच्याकडे लाकडी होड्यांना ते लावतात, पाणी आत शिरत नाही आणि मीठ टिकत नाही. बाबांनी तीन हात दिले होते. पोटाला, चाकांच्या आत, इंजिनाच्या आजूबाजूला, आणि जिथे हात जात नाही तिथे काठीला फडकं बांधून, भोकाभोकातून.

"होडयेचो तळच महत्त्वाचो," बाबा म्हणाले. "वरसून रंग काय, कोणय देता."

सुदेशच्या डोळ्यांसमोर पंचवीस वर्षांनंतरची एक सकाळ असणार, आणि त्या सकाळी सगळ्या देशाला आठवण आली असणार, आणि सगळा देश नाकाला रुमाल लावून उभा असणार.

"मी होडीसारखी म्हणालो," तो म्हणाला, "म्हणजे..."

"सांगलंस का नाय?"

"सांगितलं."

"मगे मी काय वायट केलंय?"

मी मांजरं पुन्हा मोजली. नऊच होती.

इनामदारांनी नाकाला रुमाल लावला होता. जाणकाराने रुमाल लावला म्हणजे निकाल लागला, असं धरून बाबा मांगराच्या दाराशी गेले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. बाबांना हॉटेल दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्याला कॉटेजेस होती.

मग इनामदारांनी रुमाल काढला. सर्वांत मोठं मांजर उचलून बाजूला ठेवलं आणि गाडीच्या पोटावर नखाने ओरखडा काढला. तपकिरी थर निघाला. खाली पत्रा होता. त्यांनी भिंग काढलं. नंतरचा पाऊण तास ते गाडीभोवती फिरत राहिले, ठिकठिकाणी टिचक्या मारत, कान लावत. टिचकीला घंटेसारखा आवाज येत होता. शेवटी त्यांनी रुमालाने हात पुसले, मग रुमालाकडे पाहिलं आणि तो टाकून दिला.

"चाळीस वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली झोपून बघतोय," ते म्हणाले. "पाठ गेली माझी. आज पहिल्यांदा उभ्याने बघितली." पुन्हा एक टिचकी मारून म्हणाले, "किनाऱ्यावरच्या गाडीच्या तळातून माझं बोट आरपार जातं. हिच्यात नखही जात नाही."

सुदेश वाळूतून उठला. त्याने विचारलं, म्हणजे ठेवण्यालायक आहे का? इनामदारांनी वहीत लिहिलं आणि वही त्याला दाखवली. तीन ओळी होत्या. गंज नाही. मूळ भाग सर्व. वास आहे. सुदेशने विचारलं, वास कधी जाईल? इनामदार म्हणाले, तसंही तुम्ही पंचवीस वर्षं थांबणारच आहात.

मग ते बाबांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले की त्यांच्या अकरा गाड्यांसाठी या तेलाचे दोन डबे मिळाले तर फार उपकार होतील. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ते खरंच मागत होते.

"सोंपला," बाबा म्हणाले. "एका होडयेक पुरता तेवढाच होता."

इनामदार हळहळले. धोंडूने जाळ्यात डोकं घातलं. मी सुदेशकडे पाहत होतो, म्हणून मला दिसलं की त्याचा चेहरा हळूहळू बदलतोय. त्याने मांगराबाहेर पाहिलं.

"मग तुमच्या होडीला काय लावलंत?"

उत्तर आईने दिलं, आणि तिने आवाजही चढवला नाही. "तेल एकीचाच. मांगरात मावता ती पण एकच. तुका शब्द दिलेलो मां तेंनी."

सुदेश बाहेर गेला. होडीजवळ उकिडवा बसला. बेडकांनी त्याला जागा करून दिली. काय करावं हे न सुचून, आत्ताच पाहिलेलं आठवून, त्याने होडीच्या बुडाकडच्या फळीवर बोट टेकवलं आणि दाबलं. बोट आत गेलं. पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्या. त्याने ते बाहेर काढलं आणि त्याकडे पाहत राहिला. मग त्याने शेजारच्या फळीवर बोट टेकवलं. तेही आत गेलं.

संध्याकाळी समुद्राला नारळ वाहिला आणि मग सगळ्यांच्या होड्या पाण्यात उतरल्या. बाबांची सोडून. मांगर मोकळा करायचा म्हणून सुदेशने गाडी डोंबिवलीला न्यायचं ठरवलं, पार्किंग नसतानाही; चौदा जणांनी ती तेवढी सुलटी केली. आमच्याकडे अशा वेळी गाऱ्हाणं घालतात, म्हणून धोंडूने घातलं. बा रामेश्वरा, हे चार चाकांचे होडयेर कोणाची वायट नजर पडली आसात, पोटात मांजर रवला आसात, तर तां भायर काढ आणि हिका डोंबिवलीक सुखरूप पोचव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा, असं चौदा जण म्हणाले. इनामदारही म्हणाले. दारं उघडायला तासभर लागला. सीटा आणि बॅटरी जागेवर गेल्या, कॅनमधलं तेल आणि पेट्रोल परत भरलं. पाचव्या खेपेला गाडी चालू झाली आणि मागच्या नळीतून एक धूर निघाला ज्याला तळलेल्या बांगड्याचा वास होता. दोन मांजरं तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावली.

सुदेश जाताना जागेबद्दल काही बोलला नाही. हॉटेलवाल्याबद्दलही नाही. बाबांनी विचारलं नाही. ते रोज सकाळी उठून होडीतलं पाणी उपसायचे, जणू रोज थोडं थोडं करून ती बरी होणार होती. मी म्हापशाची नोकरी सोडून घरीच राहिलो, कारण रात्रपाळीत मला चाकं दिसत.

आठव्या दिवशी दुपारी मांजरं एकदम उठून रस्त्याकडे गेली. आमच्या आधी त्यांना कळलं. वळणावरून लाल आठशे आली. तिच्या छपरावर दोन लांब फळ्या होत्या, फणसाच्या, जाड, पुढे आणि मागे चारचार फूट बाहेर आलेल्या. काथ्याच्या दोरीने खिडक्यांतून बांधलेल्या. छपराखाली कापडसुद्धा घातलेलं नव्हतं.

सुदेश उतरला. त्याने आम्हाला सोसायटीची नोटीस वाचून दाखवली, तिच्यात 'असह्य' हा शब्द तीनदा होता. पनवेलला एका हॉटेलच्या रखवालदाराने गाडी फाटकातून आत घेतली नाही. मेव्हणीने मंगळागौरीला गाडीतून यायला नकार दिला आणि रिक्षाने आली, भर पावसात. म्हणून गाडी परत आणली, दुसरं काही कारण नाही, असं तो म्हणाला. कणकवलीच्या वखारीवरून येतच होतो, म्हणून फळ्या घेतल्या. हे तो होडीकडे बघून बोलत होता.

मग त्याने पुढच्या सीटवरून एक पाकीट काढलं आणि बाबांच्या हातात दिलं. हक्कसोडपत्र, स्टॅम्पपेपरवर टाईप केलेलं. उद्या मालवणला जाऊन निबंधकासमोर सह्या करू म्हणाला. पाकिटालाही वास होता. बाबांना वाचता येतं, पण त्यांनी मला वाचायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून ऐकलं. जागेच्या चतुःसीमेत पश्चिमेला अरबी समुद्र असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी मान डोलावली.

आम्ही फळ्या उतरवल्या. खाली छपरावर पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत दोन ओरखडे होते, रंग गेलेला, पत्रा दिसत होता. जशीच्या तशी ही गाडी आता कधीच होणार नव्हती. आम्ही सगळे तिथे उभे राहिलो. धोंडूने टोपी काढली. सुदेशने एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. ते आत गेलं नाही.

बाबांनी फळ्या वाजवून पाहिल्या, एका टोकाला डोळा लावून सरळ आहेत का बघितलं, आणि मग त्यांना खरी अडचण सुचली.

"पुढच्या पावसाक मांगरात खंयची ठेवूची?"

सुदेशने गाडीकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं.

"होडी," तो म्हणाला.

"आणि गाडी?"

"बाहेर. पण काका, होडीसारखी नको. गाडीसारखी ठेवा."

बाबा विचारात पडले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी न येणारं काम सांगितलं नव्हतं.

"ता माका येणा नाय," ते म्हणाले.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गाडी मांगराबाहेर आहे, ताडपत्रीखाली. चाकं वर.